भिंतीचा हेवा

बाईंनी पहिल्याच सकाळी हॉलमधल्या खुर्च्या बाहेर काढायला लावल्या.

"सगळ्या?" मी विचारलं.

"सगळ्या," वृंदा नाफडे म्हणाल्या. "उभं राहून बोललं की माणूस थोडक्यात आटपतो, टिकेकरसाहेब. पंधरा मिनिटांची तर सभा आहे."

"आणि अण्णा? कंपनीचे मालक उभे राहणार?"

हा माझा हुकमाचा पत्ता होता. धनपाल मगदूम, म्हणजे आमचे अण्णा, कुणासाठी उठून उभे राहत नसत. एकदा मंत्री आले होते कारखान्यात, तेव्हाही बसूनच नमस्कार केला होता. (मंत्रीच शेवटी खाली वाकले, असं मी नंतर सगळ्यांना सांगत असे. ते तितकंसं खरं नाही.) मी अण्णांकडे बघितलं. अण्णा उठले, आपली गादीवाली खुर्ची स्वतः ढकलत दाराबाहेर नेऊन ठेवली आणि हात झटकत परत आले.

"हा बघा, राहिलो उभा. पुढं काय, बाई?"

माझ्या छातीत काहीतरी चर्रकन झालं. अण्णा त्या बाईंच्या शेजारी उभे होते, शाळेत पहिल्यांदा फळा पुसायला मिळालेल्या मुलाच्या चेहऱ्यानं.

आमची कंपनी सांगलीला कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत. गावोगावच्या दूध संकलन केंद्रांवर लागणारं मशीन आम्ही बनवायचो. दूध मोजायचं, फॅट बघायची, भाव काढायचा आणि चिठ्ठी हातात द्यायची. अण्णांनी आणि मी एका पत्र्याच्या शेडमध्ये हे सुरू केलं होतं. अण्णांकडे डोकं होतं, माझ्याकडे तोंड. चारचौघांत ते मला टिकेकर म्हणत, एकटे असलो की मन्या.

आता माझं कंपनीतलं काम नेमकं काय, हे सांगणं अवघड आहे. पाटीवर 'नियोजन' असं लिहिलेलं होतं. खरं काम वेगळं होतं. अण्णा रागावले की ओरडत नसत. चष्मा काढत आणि पुसत बसत. बोलत नसत. तो चष्मा स्वच्छ होईपर्यंत समोरच्याला घाम फुटायचा. त्यामुळे वाईट बातमी अण्णांना कुणी सांगायचंच नाही, अशी आमच्याकडे रीत पडली होती. ती मला सांगायची. मग मी रोज सकाळी कँटीनमध्ये अण्णांबरोबर चहा घेताना तिची एक झकास गोष्ट करायचो आणि बातमी गोष्टीच्या पोटात घालून अण्णांना भरवायचो. उंदरांनी एका केंद्रावरच्या वायरी कुरतडल्या, तेव्हा फॅट वाचता येणाऱ्या एका उंदराची गोष्ट मी अण्णांना अर्धा तास सांगितली होती. अण्णा डोळे पुसत हसले आणि शेवटी म्हणाले, "म्हणजे मशीन गेलं म्हणायचं की?"

"गेलं."

"बरं, दुसरं पाठवा."

अशी कंपनी चालायची. उत्तम चालायची, असं माझं आजही मत आहे.

मग ते ओल्या बोटांचं प्रकरण झालं. दोन वर्षं खपून आम्ही नवं मशीन बनवलं, वाजतगाजत केंद्रावर नेलं, आणि कळलं की त्याची बटणं ओल्या बोटांना दादच देत नाहीत. दुधाच्या केंद्रावर कोरडी बोटं कुणाची असतात? सगळी मशीनं परत आली. सगळे म्हणाले, हे टिकेकरांना माहीत होतं. अहो, मी अण्णांना सांगितलं होतं! बोटं ओली आहेत म्हणून सासरी नांदायला नकार देणाऱ्या नवरीची गोष्ट सांगितली होती. गोष्टीतच होतं सगळं. अण्णा इतके हसले की बातमी त्यांच्या कानापर्यंत पोचलीच नाही, याला मी काय करणार?

पण अण्णांनी त्या दिवशी माझ्यासमोर चष्मा पुसला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. आणि महिन्याभरात पुण्याहून वृंदा नाफडे आल्या.

बाई मूळच्या अकोल्याच्या, पंचेचाळिशीच्या, सुती साडी, पायांत खेळाचे बूट. कंपन्यांना 'अजाइल' करणं हा त्यांचा धंदा. म्हणजे काय, तर दोन-दोन वर्षं काम करून शेवटी तोंडघशी पडायचं नाही. दोन आठवड्यांचं छोटं काम उचलायचं, चालतं असं काहीतरी बनवायचं, वापरणाऱ्याला दाखवायचं, चुकलं तर लगेच सुधारायचं. रोज सकाळी साडेनऊला भिंतीसमोर उभं राहून प्रत्येकानं तीन गोष्टी सांगायच्या: काल काय केलं, आज काय करणार आणि कशात अडलंय. भिंतीवर चिठ्ठ्या लावायच्या. सुरळीत असेल तर हिरवी, अडलं असेल तर लाल. आमच्यापुढं काम होतं नव्या मशीनचं, आणि एका मोठ्या दूध संघाचे अध्यक्ष ते केंद्रावर चालताना बघायला येणार होते. या वेळीही मशीन हटून बसलं असतं, तर संघ दुसऱ्या कंपनीकडे गेला असता.

बाकीच्यांना काळजी संघाची होती. मला साडेनऊची होती. कारण साडेनऊ ही माझ्या आणि अण्णांच्या चहाची वेळ.

अण्णा त्या भिंतीवर असे काही भाळले की विचारू नका. सकाळी गाडीतून उतरले की कँटीनकडे मान न वळवता थेट हॉलमध्ये. बाईंच्या उजव्या हाताला त्यांची जागा ठरलेली. चिठ्ठी पडली तर स्वतः वाकून उचलणार, चिकटवणार. मी कँटीनच्या खिडकीतून बघत असे. समोर दोन कप. एक मी प्यायचो, मग दुसराही मीच प्यायचो. त्या दिवसांत मला जे पित्त झालं ते डॉक्टरांना कळेना. बायकोला कळलं. ती म्हणाली, "अहो, माणसाचा हेवा करतात, भिंतीचा काय करताय?"

"भिंतीच्या शेजारी कोण उभं असतं ते बघ की!"

"मग तुम्ही जाऊन उभे राहा."

"मला कुणी बोलावलंय का?"

बोलावलं होतं, रोज बोलावत होते. पण ते बोलावणं माझ्या मनासारखं नव्हतं.

तरी एकदा गेलोच. दाराशी उभा राहिलो, नुसतं बघायला. केंद्रांवर फिरून मशीनं दुरुस्त करणारा तौफिक मुजावर बोलत होता. "काल मालगावच्या केंद्रावर होतो. आज तिथंच जायलोय. अडचण म्हणाल तर, पहाटं व्होल्टेज..."

अण्णांचा हात चष्म्याकडे गेला.

"...व्होल्टेज एकदम झकास हाय," मुजावर म्हणाला. "अडचण काय नाही." आणि हिरवी चिठ्ठी लावून मागं सरला.

त्याच्यामागून सॉफ्टवेअरची कस्तुरी आडमुठे. तिची हिरवी. वायरिंगवाल्यांची हिरवी. भिंत अशी हिरवीगार झाली होती, की एखाद्या म्हशीनं बघितली असती तर चरायला आत आली असती. अण्णा खूश. बाई मात्र खूश दिसल्या नाहीत. हे मला तेव्हा खटकायला हवं होतं.

आणि सभा संपली की हीच मंडळी कुठं यायची? माझ्या टेबलावर!

"टिकेकरसाहेब, पहाटं सगळ्या गावात मोटारी सुरू होत्यात, व्होल्टेज पडतंय आणि स्क्रीन जातीय बघा," मुजावर सांगायचा. "अर्ध्या बायकांचं दूध मोजून झालेलं असतंय, सगळं पुसलं जातंय. बायका माझ्या अंगावर येत्यात."

"मग तिथं भिंतीसमोर का नाही सांगितलंस?"

"अण्णा हाईत की तिथं!"

"मीसुद्धा हिरवीच लावते काका," कस्तुरी म्हणायची. "लाल लावली आणि अण्णांनी चष्मा काढला तर? तुम्हीच सांगा ना त्यांना, तुमच्या पद्धतीनं."

हे ऐकताना मला किती बरं वाटायचं, काय सांगू! बाईंची भिंत हिरवी आणि खोटी, माझं टेबल चहाच्या डागांनी भरलेलं आणि खरं. पण सांगू कुणाला? ज्यांना सांगायचं ते अण्णा तर तिथं चिठ्ठ्या चिकटवत होते.

एके दुपारी बाई स्वतःच कँटीनमध्ये आल्या. समोर बसल्या. माझ्या बशीतलं बिस्कीट न विचारता उचललं.

"टिकेकरसाहेब, लोक तुम्हाला काय काय सांगतात हो?"

"ते माझ्याकडे येतात. तुमच्याकडे यायचं असतं तर तुमच्याकडे आले असते."

"खरं आहे," बाई म्हणाल्या. "मला बाप्पा जन्मात जमणार नाही असं. तुमच्याजवळ बसलं की माणूस बोलतो." मग जरा थांबून, "अण्णा मात्र म्हणत होते..."

"काय म्हणत होते?"

"जाऊ द्या."

"नाही, नाही. काय म्हणत होते?"

"म्हणत होते, टिकेकरांच्या गोष्टी आता ऐकवत नाहीत. त्याच त्याच. आता गोष्ट सुरू झाली की त्यांना झोप येते." आणि बिस्कीट खाऊन, साडीवरचा चुरा झटकून, बाई निघून गेल्या.

त्याच त्याच! मी! मी जी गोष्ट एकदा सांगतो ती पुन्हा सांगताना मलाच ओळखू येत नाही! संध्याकाळी घरी गेलो तो जेवलो नाही. बायको म्हणाली, पित्त. मी म्हणालो, युद्ध.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकाजवळच अण्णांना गाठलं.

"अण्णा, चहा."

"अरे मन्या, साडेनऊ होत आले, सभा..."

"शिरोळकडच्या त्या म्हशीचं तुम्हाला कळलं असेलच, म्हणून म्हटलं."

"कुठली म्हैस?"

"चंद्री. स्वतःची चिठ्ठी वाचल्याशिवाय दूध न देणारी. जाऊ द्या, सभा आहे तुमची."

अण्णांनी हॉलकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं आणि कँटीनमध्ये येऊन बसले. मला नवल वाटायला हवं होतं. नाही वाटलं. जिंकणाऱ्याला कसलं नवल?

मी जी चंद्री त्या सकाळी उभी केली, तशी म्हैस महाराष्ट्रात आजवर झाली नाही. तिचं दूध इतकं दाट, की आमच्या मशीनमधून फॅटचा आकडा छापून संपेना. कागदाचं भेंडोळं केंद्राच्या दारातून बाहेर, पारावरून, ओढ्यावरून शेजारच्या गावात गेलं आणि तिथल्या लोकांनी त्यावर ग्रामसभेचा ठराव लिहिला. मालक रोज चिठ्ठी तिच्यासमोर धरायचा. आकडा जरा उतरला की चंद्री रुसायची. अशात मालकानं गोठ्यात दुसरी म्हैस आणली. अकोल्याकडची.

"अकोल्याची म्हैस?" अण्णांनी माझ्याकडे निरखून बघितलं.

"तिकडून आली होती म्हणे. पायांत बूट होते."

अण्णा खोकले.

"चंद्रीनं दावं तोडलं आणि कृष्णेत उडी घेतली. पलीकडे तिचं माहेर..."

"पोचली का?"

"दहा वाजले, अण्णा. उद्या."

दुसऱ्या दिवशी अण्णा पाच मिनिटं आधीच आले. मग रोजच. चंद्री नदीच्या मध्यावर पोचायला आठवडा लागला. वाटेत तिला मगर भेटली, तिच्याशी फॅटवरून वाद झाला, तो मिरजेच्या कोर्टात गेला. अण्णा चहा गार करत बसायचे आणि हॉलकडे ढुंकूनही बघायचे नाहीत. खिडकीतून भिंत दिसायची. बाईंच्या उजव्या हाताची जागा रिकामी. मी त्या रिकाम्या जागेकडे बघून चहाचा असा घोट घ्यायचो, की आमच्या कँटीनच्या चहाला तसा स्वाद परत कधी आला नाही.

एक गोष्ट मात्र मला दिसत होती आणि कळत नव्हती. भिंत लाल व्हायला लागली होती. पहिल्या दिवशी एक चिठ्ठी, मग चार, मग अर्धी भिंत. हॉलमधून आवाज यायचे. मुजावर कस्तुरीशी भांडताना मी स्वतः ऐकलं.

"मॅडम, तुम्ही पहाटं चारला उठून एकदा मालगावला या, मग सांगा प्रोग्राम बरोबर हाय म्हणून!"

"येते! उद्याच येते!"

आणि गेली की ती पोरगी. परत आली ती डोळे लाल आणि हातात नवी लाल चिठ्ठी. वायरिंगवाल्यांनी एक छोटी बॅटरी बसवली. कस्तुरीनं एकेक बाई दूध घालून गेली की लगेच नोंद पक्की होईल असं केलं. दोन आठवड्यांनी केंद्रावर नेऊन दाखवलं. बायकांनी दहा चुका काढल्या. परत लाल. परत दुरुस्ती. आणि माझं टेबल? माझ्या टेबलाशी आता अण्णांशिवाय कुणी फिरकत नव्हतं. मला त्याचं काही वाटलं नाही. मला हवा तो माणूस समोर होता.

दूध संघाचे अध्यक्ष आले ते भल्या पहाटे, मालगावच्या केंद्रावर. मी, अण्णा, बाई, सगळे होतो. किटल्या घेऊन बायकांची रांग लागलेली. निम्मी रांग सरली आणि नेहमीप्रमाणे गावभर मोटारी सुरू झाल्या. केंद्रातला दिवा मिणमिणला, विझला. मी डोळे मिटून घेतले. उघडले तर काळोखात मशीनची स्क्रीन निळी निळी उजळत होती. चिठ्ठी बाहेर आली. पुढच्या आजीनं ओल्या बोटांनी ती घेतली आणि विचारलं, "आज हे मरंना कसं?"

अध्यक्ष हसले आणि अण्णांचा हात हातात घेतला. आणि अण्णांनी? अण्णांनी वळून वृंदाबाईंना दोन्ही हात जोडले. म्हैस मी पोहत नेली आणि नमस्कार त्यांना! पहाटेच्या गारठ्यातसुद्धा माझे कान तापले.

बाईंच्या पद्धतीत काम संपलं की सगळ्यांनी बसून बोलायचं असतं, काय चांगलं झालं, काय चुकलं. त्या दिवशी दुपारी कँटीनमध्ये शेवटची बैठक झाली. बाई संध्याकाळच्या गाडीनं जाणार होत्या. एकेक जण बोलत गेला. अण्णांची पाळी आली.

"चांगलं काय झालं? मी सभेला यायचं बंद केलं ते," अण्णा म्हणाले. "बाईंनी मला सांगितलं, अण्णा, तुम्ही समोर असलात की कुणी खरं बोलत नाही. रोज साडेनऊला कुठंतरी जाऊन बसा. मी म्हटलं, कुठं बसू? तर म्हणाल्या, टिकेकरांकडे. हेच तुमचं काम. म्हणून मग ती म्हैस..."

सगळे हसले. मुजावर तर टेबलावर थाप मारून हसला. मीही हसलो. तोंडानंच.

माझ्या गोष्टी ऐकणं, हे अण्णांचं काम होतं. वाटून दिलेलं. मी रचलेली नदीतली एकेक लाट ऐकायला माणूस कामावर बसवलेला होता.

बाई बॅग घेऊन निघाल्या, तेव्हा मी फाटकाशी उभा होतो.

"राग आला, टिकेकरसाहेब?"

"अण्णांना माझ्या गोष्टींनी झोप येते, असं अण्णा म्हणाले होते का?"

"नाही. ते मी रचलं होतं. नाहीतर तुम्ही त्यांना ओढून नेलं असतंत का?"

"आणि अण्णांना काय सांगून माझ्याकडे पाठवलंत?"

"की टिकेकर तुमच्यावाचून वाळत चाललेत."

"तेही रचलेलं?"

"नाही हो," बाई म्हणाल्या. "ते मी खिडकीतून रोज बघत होते."

रिक्षा गेली तरी मी तिथंच. तुम्हाला वाटेल, मला वाईट वाटलं. वाटलं थोडं. पण त्याहून जास्त हेवा वाटला. एक छोटंसं खोटं, एक बिस्कीट खाता खाता, आणि त्यावर अख्खी कंपनी हलवली! मला तेवढ्यासाठी म्हैस, मगर आणि मिरजेचं कोर्ट लागलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कँटीनमध्ये बसलो. एकच कप मागवला. बाई गेल्या, काम संपलं. आता अण्णांना माझ्याकडे पाठवणारं कुणी नव्हतं. अण्णांची गाडी आली. ते उतरले आणि सरळ हॉलकडे गेले. जाणारच. मी चहा ढवळत राहिलो.

थोड्या वेळानं समोरची खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"आत घेईनात," अण्णा म्हणाले.

"कोण?"

"ती कस्तुरी. म्हणाली, अण्णा, झालं की सांगतो तुम्हाला. दार लावून घेतलं, मन्या! माझ्याच कंपनीत!" त्यांनी मान वळवून खिडकीतून भिंतीकडे बघितलं. तिथं मुजावर काहीतरी सांगत होता आणि सगळे हसत होते. "बघ की, कशी खिदळायलीत. माझ्यासमोर कधी अशी हसली नाहीत."

मी अण्णांच्या तोंडाकडे बघितलं. हा चेहरा मला चांगला माहीत होता. चंद्रीच्या आधी तो मी रोज सकाळी दाढी करताना बघत होतो.

मी दुसरा कप मागवला.

अण्णांनी घोट घेतला, कप खाली ठेवला आणि खालच्या आवाजात विचारलं, "मन्या, तुला कधी झालंय रे असं? आपल्याच माणसांकडे बघून इथं जळतंय, असं?"

"छे," मी म्हणालो. "कधीच नाही."

अण्णा माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांच्या मिशा हलल्या, खांदे हलले, चहा सांडला. इतक्या वर्षांत इतक्या गोष्टी सांगितल्या त्यांना, पण एवढे ते कुठल्याच गोष्टीला हसले नव्हते.